सासूबाईंचं अंडं

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. शंका घेण्याचाच तर तिला पगार मिळत होता. अंडी, दूध, मध, मांस, कोळंबी, जनावराच्या अंगातून जे जे म्हणून माणसाच्या ताटात येतं, त्यात बंदी घातलेलं एखादं औषध उतरलंय का, हे शोधायचं तिचं काम. मालक लोक छातीवर हात ठेवून सांगायचे, आमच्याकडे औषधाची सुईसुद्धा दारातून आत येत नाही. शंकाबाई सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि नमुना पुन्हा एकदा लावायची.

घरीही तेच. कुणाकडे जेवायला गेली, की आमलेटचा पहिला घास घ्यायच्या आधी विचारायची, "अंडी कुठली?" नवरा टेबलाखालून पायावर पाय द्यायचा. यजमानीणबाई दुकानाचं नाव सांगायची, आणि मग शंकाबाई नुसतं "अस्सं" म्हणायची. त्या "अस्सं"नंतर बाकीच्यांचंही आमलेटवरचं मन उडायचं. तिला हल्ली जेवायची बोलावणी कमी येत, आणि त्याचं कारण काय असावं याबद्दल मात्र तिला कधीच शंका आली नव्हती.

या कामातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. वाईट अंडं पकडायचं, तर आधी शंभर नंबरी चांगलं अंडं हाताशी लागतं. संशयित अंड्यांच्या जोडीने तेही फोडायचं, त्याच काचेतून, त्याच मशीनमधून न्यायचं. तिथे मशीन गप्प राहिलं, तरच बाकीच्या अंड्यांबद्दल ते जे सांगेल ते खरं. याला ते लोक म्हणतात कोरा नमुना. बाजारात असं अंडं शोधून शोधून शंकाबाई थकली. कुठे ना कुठे मशीन कुजबुजायचंच. शेवटी तिला आत्या आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण. शिवणकाम करून तिने जन्म काढला होता. शंकाबाई कॉलेजात शिकली ती आत्याच्याच घरी राहून. आत्याच्या पायमशीनच्या खडखडाटात तिने रसायनशास्त्र पाठ केलं, आणि परीक्षेला जायचा तिचा प्रत्येक कपडा आत्याच्या हातचा असायचा. आता आत्या गल्लीच्या टोकाच्या त्या बैठ्या घरात एकटीच राही. मागे टीचभर अंगण होतं आणि अंगणात कोंबड्या. कोंबड्यांना तिने सासरच्या माणसांची नावं दिली होती. एक सासूबाई, एक जाऊबाई, एक वन्सं. मामंजी नावाचा कोंबडाही होता, पण तो खऱ्या मामंजींसारखाच भलत्या वेळी ओरडायचा, म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि त्याची रवानगी झाली. "जन्मभर यांनी मला हुकूम सोडले," आत्या म्हणायची, "आता मी म्हणेन तेव्हा खुराड्यात जातात." कुणाचं अंडं कुठलं हे घोटाळायला नको, म्हणून ती प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नाव घालायची. शिवायला आलेल्या कपड्यांवर खडूने नावं घालायची तिची जुनी सवय होती.

अंडी तपासली तेव्हा मशीन एकदम गप्प. शंकाबाईने आनंदाने ही बातमी दिली, तर आत्याच्या कपाळावर आठ्या.

"कोरा नमुना? म्हणजे माझ्या अंड्यात काहीच नाही?"

"काहीच नाही म्हणून तर हवंय, आत्या."

"एवढं दाणापाणी करते मी त्यांचं, आणि काहीच नाही?"

हळूहळू तिला त्यातला मान कळला. मग काय विचारता! वाण्याला, दूधवाल्याला, रस्त्यात वाट विचारणाऱ्याला ती सांगू लागली, की सरकारदरबारी सगळ्या अंड्यांचा निवाडा आमच्या सासूबाईंच्या अंड्यावरून होतो. सासूबाई होतीच तशी. बाकीच्या मनात आलं तर अंडं देत, नाहीतर पिसं गाळत बसत. ही मात्र रोज एक, न चुकता.

तेव्हापासून शंकाबाई दर रविवारी सकाळी यायची. हातात कापूस लावलेला डबा. घरात न शिरता बाजूच्या बोळातून सरळ मागच्या अंगणात, चपला पायातच. आत्या चहा तिथेच आणून द्यायची. चहा निवेपर्यंत गप्पा, मग डबा उचलायचा आणि "येते गं" म्हणून निघायचं. याआधी ती सणासुदीला किंवा कुणी आजारी पडलं तर यायची. कोंबड्यांनी तिला दर आठवड्याची केली.

त्यातच आत्याच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "हा डोळा नीट बरा होऊ दे, मग दुसरा करू. हा बिघडला तर मी दुसऱ्याला हात लावणार नाही." दुसऱ्या डोळ्याला दार उघडं आहे की बंद, एवढंच काय ते कळत होतं. म्हणजे आत्याचा सगळा उजेड त्या एका डोळ्यावर येऊन ठेपला होता. त्याला काळा चष्मा आणि थेंबांची बाटली. सांगितले तेवढे दिवस न चुकता घालायचे, एकदाही विसरायचं नाही.

शंकाबाई रोज फोन करायची. "थेंब घातलेस?"

"घातले गं बाई."

फोनवरच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ती नव्हे. रविवारी ती बाटली मागून घ्यायची आणि उजेडात धरून पाहायची. जेवढी उतरायला हवी, बरोबर तेवढीच उतरलेली असायची. शंकाबाईचं समाधान व्हायचं. माणसांपेक्षा बाटल्यांवर तिचा नेहमीच जास्त विश्वास होता.

या थेंबांची एक खोड तिला चांगली माहीत होती. त्यातलं औषध माणसाच्या डोळ्याला खुशाल चालतं, पण अंड्यादुधाच्या जनावराला द्यायला सक्त मनाई. कारण एखाद्याच्या रक्तावर ते असं उलटतं, की माणूस हातचा जातो, आणि किती कमी पोटात गेलं तर चालेल हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेच्या दारावर तिने स्वतः पाटी लावली होती: डोळ्यांत थेंब चालू असतील त्यांनी आत पाऊल टाकू नये. बोटाला लागलेला थेंब नमुन्यात गेला, तर निष्पाप मालकाच्या गळ्यात फास अडकायचा.

आणि एका सोमवारी कोरा नमुना बोलला.

मशीन चालवणारा दारात येऊन उभा राहिला. "ताई, कोरा बोलतोय."

"कोरा बोलत नसतो."

"बोलतोय. चांगला खणखणीत."

शंकाबाईने आलेखाकडे पाहिलं. जिथे सपाट रेघ हवी, तिथे सुळका उभा होता. औषध नेमकं तेच, डोळ्याच्या थेंबांतलं. ती उठली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर एकेकाला खिडकीपाशी नेऊन डोळे तपासले. मशीनवाल्याच्या पापण्या वर करून पाहिल्या. मग साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांचे डोळे लाल होते.

"थेंब घालता का डोळ्यांत?"

"नाही हो. मॅच बघत होतो."

"खिसे दाखवता?"

साहेबांनी निमूटपणे खिसे उलटे केले. एक रुमाल, एक चॉकलेट आणि घरी जाताना न्यायच्या भाजीची चिठ्ठी निघाली. शंकाबाईने चॉकलेटही वास घेऊन परत दिलं.

परत जागेवर येऊन बसली, आणि तिची नजर स्वतःच्याच हातांवर गेली. काल बाटली कुणी हातात घेतली होती? उजेडात धरून कुणी पाहिली होती? आणि त्याच हातांनी अंडी कुणी डब्यात भरली होती? हात धुतले होते की नाही, काही केल्या आठवेना. जगाला पाटी लावून ठेवणारी बाई, आणि पाटीखालून स्वतःच आत आलेली. तिने शरमेने मान खाली घातली आणि पुन्हा साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, बहुधा मीच आहे."

साहेबांनी असा सुखाचा सुस्कारा सोडला, की मॅच जिंकल्यावरही सोडला नसेल. "बसा, शंकाबाई," ते म्हणाले, "चॉकलेट घ्या."

राहिलेली अंडी पुन्हा तपासायची ठरली. पण या वेळी शंकाबाईने काचेच्या बाहेर उभं राहायचं. मशीनवाल्याने नवे हातमोजे घातले, कवचं बाहेरून धुऊन पुसली, पेन्सिलीच्या नावाप्रमाणे प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळी फोडली, वेगळी घोटली. बाहेरून शंकाबाई हातवारे करून त्याला सूचना देत होती. त्याने शेवटी काचेकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "जाऊबाई, निर्दोष. वन्सं, निर्दोष. सासूबाई, दोषी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरोघरी हेच. पण या कोण? तुमच्या सासूबाई?"

"आत्याच्या."

"आत्याच्या सासूबाई अजून आहेत?"

"कोंबडी आहे, साहेब."

मशीनवाला पोट धरून हसला. साहेबही हसले. शंकाबाई हसली नाही. हात खराब असते, तर तिन्हींची अंडी खराब निघायला हवी होती. एकीचीच निघाली. कवच धुऊनही निघाली, म्हणजे औषध बाहेरून लागलेलं नव्हतं, आतल्या बलकात होतं. म्हणजे ते सासूबाईच्या पोटातून आलं होतं. आणि त्या घरात ते औषध एकाच बाटलीत होतं.

बाटली तर बरोबर उतरत होती. अगदी एकाच डोळ्याला लागेल तेवढी.

ती उभी राहिली. "साहेब, मी जाते." पांढरा कोट अंगात तसाच होता, आणि ते तिला रिक्षात बसल्यावर कळलं.

आत्या अंगणात बादली उलटी घालून त्यावर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. समोर सासूबाई माती उकरत होती. शंकाबाईने आधी कोंबडी उचलली. उजवा डोळा लखलखीत, डावा डोळा लखलखीत, डाव्याच्या कडेला बऱ्या झालेल्या सुजेची बारीकशी खूण. कोंबडीने तिच्याकडे असं रोखून पाहिलं, की खरी सासूबाई शरमावी.

"आज मंगळवार ना गं?" आत्या म्हणाली. "आणि हे पांढरं काय? कोण वारलं?"

"चष्मा काढ."

"ऊन लागतं डोळ्याला."

"आत्या, चष्मा काढ."

आत्याने काढला. डोळा लालभडक झाला होता, पापणी सुजून जड झाली होती. शंकाबाईच्या हातातून कोंबडी निसटली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके रविवार तिने बाटली पाहिली होती. डोळा एकदाही पाहिला नव्हता.

"थेंब सासूबाईला घातलेस?"

"कुणी सांगितलं?"

"तिच्या अंड्याने सांगितलं."

आत्याने कोंबडीकडे असं पाहिलं, जसं काही घरातल्याच माणसाने चहाडी केली. "बघ," ती म्हणाली, "नावासारखीच निघाली."

"हसण्यावारी नेऊ नकोस. आंधळी व्हायची वेळ आली होती तुझ्यावर!"

"ओरडू नकोस, वन्सं घाबरते." आत्याने पदराने डोळ्याचं पाणी टिपलं. "तिचा डोळा चिकटला होता गं. काही खाईना. अंडं बंद झालं. म्हटलं, आपल्याकडे औषध आहे, घालू दोन थेंब. आधी दोघींनाही घालत होते, एक तिला, एक मला. पण तू बाटली उजेडात धरून बघतेस. दुप्पट उतरली असती तर लगेच पकडलं असतंस. मग म्हटलं, एकीनेच घ्यावे."

"आणि ती एक कोंबडी?"

"मला एवढं काय बघायचंय आता."

"मला फोन करायचास! मी दुसरी बाटली आणली असती, डॉक्टर आणला असता, दहा कोंबड्या आणल्या असत्या!"

"आणि अंडी चालली असती का तुला? औषध घातलेल्या कोंबडीची?"

"नसती चालली."

"मग?" आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कपड्याचं माप सांगावं तसा. "जाऊबाई आणि वन्सं कधी एखादं देतात, कधी पिसं गाळत बसतात. हिचंही अंडं थांबलं, तर तुझा डबा रिकामा जायचा. एक रविवार रिकामी गेलीस, दोन रविवार गेलीस. मग तुला दुसरं कुणी अंडी देणारं सापडलं असतं. तू हुशार आहेस, शोधलं असतंस. मग कशाला आली असतीस इकडे?"

शंकाबाईने तोंड उघडलं. 'असं कसं म्हणतेस, आले असते की,' असं ती म्हणणार होती. पण समोरच्या माणसाचं खोटं जिला अर्ध्या शब्दात कळतं, तिला स्वतःचंही कळलं. ती आत्याच्या बादलीशेजारी मातीत बसली आणि पांढऱ्या कोटाने तिने नाक पुसलं.

"अगं, तो कोट कामाचा आहे ना?" आत्या म्हणाली. "डाग नाही निघायचा."

त्याच संध्याकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर दिवा धरला, बराच वेळ पाहिलं, आणि मग जे बोलायला सुरुवात केली, ते बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. जिची शंका भल्याभल्या मालकांना घाम फोडते, ती शंकाबाई भिंतीला लागून शाळेतल्या पोरीसारखी उभी होती. आत्या मधेच म्हणाली, "पण कोंबडीचा डोळा छान झालाय हो," तर डॉक्टरीणबाई आणखीनच भडकल्या. शेवटी म्हणाल्या, "नशीब समजा. आणखी चार दिवस गेले असते, तर हा डोळा माझ्या हातात राहिला नसता. नवे थेंब देते, जास्त वेळा घालायचे. पण आता यांच्या हातात बाटली द्यायची नाही. दुसऱ्या कुणीतरी घालायचे. कोण आहे घरी?"

आत्या म्हणाली, "कोंबड्या."

शंकाबाई म्हणाली, "मी आहे."

आत्याच्या कोंबड्यांचं कोरेपण गेलं. एकदा एकीला औषध मिळालं, की त्या अंगणातल्या कुणावरच भरवसा ठेवता येत नाही, हा नियम शंकाबाईनेच घालून दिलेला होता, आणि आत्याची म्हणून तिने तो वाकवला नाही. सासूबाईची अंडी खड्ड्यात पुरली जाऊ लागली. साहेबांनी कुठूनतरी दुसरी अंडी मिळवली. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं," आणि पेन्सिल टेबलाच्या खणात ठेवून दिली. शंकाबाई कामाला जाताना आणि येताना थेंब घालून, हात दोनदा धुऊन जायची, दुपारचे शेजारीण घालायची. पण ते औषधाचं येणं होतं. घाईघाईने यायचं, मान मागे, थेंब, डोळा मीट, गेली. ते किती दिवस चालणार, हे आत्याने मनात धरून ठेवलं होतं. बाटली संपली की संपलं.

बाटली संपली. डोळ्याची लाली गेली, सूज गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आता थेंब नकोत, पुढच्या महिन्यात दुसरा डोळा करू. ते शनिवारी.

रविवारी सकाळी आत्याने कोंबड्यांना दाणे टाकले आणि सवयीने चहाचं आधण ठेवलं. मग आठवलं, तशी तिने अर्धं पाणी ओतून टाकलं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

शंकाबाई आत आली. हातात डबा नव्हता.

"अंडी तर चालत नाहीत ना तुझ्या मशीनला?" आत्या म्हणाली. "आणि थेंबही संपले. मग आज काय काढलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. कोरी आले आहे." शंकाबाई वेताच्या मोड्यावर बसली आणि तिने पाय पसरले. "चहा कर. आणि मला वन्संच्या अंड्याचं आमलेट हवंय. एवढी अंडी नेली इथून, एक कधी खाल्लं नाही."

"वन्संचं चालेल? विचारणार नाहीस, काय खायला घालते ते?"

"नाही विचारणार."

आत्याने तिच्याकडे अविश्वासाने पाहिलं. मग जेवढं पाणी ओतलं होतं, तेवढं पुन्हा भांड्यात घेतलं. अंडं फोडताना तिने ते चष्म्याच्या अगदी जवळ धरलं. शंकाबाईने ते पाहिलं, आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "डोळा कसा आहे? दिसतंय ना नीट? खरं सांग हं, आता थापा नकोत. काय काय दिसतंय?"

आत्या वळली. तिने डोळ्यावरचा चष्मा काढला, उघड्या डोळ्याने खोलीभर नजर फिरवली. भिंत पाहिली, टेबल पाहिलं, मोड्यावरची भाची पाहिली. मग तिची नजर दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

"सगळं दिसतंय," ती म्हणाली. "चपला काढून आलीस."